माळ, ओढा, तळं: सोलापुरात दोन पावलांवर प्रजाती का बदलतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आणि हिप्परग्याच्या तळ्यावर शाळा-कॉलेजची मुलं, कधी शेतकरी, कधी नुसतीच हौशी मंडळी घेऊन जायला लागलो तेव्हापासून काही प्रश्न दर वेळी येतात. उत्तरं तोंडी देताना काही ना काही राहून जातं, म्हणून इथे सविस्तर लिहिली आहेत.

हा विषय नेमका आहे तरी काय?

एका जागी किती प्रकारची झाडं, गवतं, पाखरं, किडे आहेत हे आपण मोजतो. पण त्या जागेवरून उठून शेजारच्या जागेत गेलो तर यादीतली किती नावं तीच राहतात आणि किती बदलतात, हे सहसा कुणी विचारत नाही. हा विषय त्या बदलाचा आहे. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. गवत बदलायला तर एक उतारसुद्धा पुरतो.

सोलापूर जिल्हा तर सगळीकडे सारखाच रखरखीत. इथे काय बदलणार?

हा प्रश्न सोलापूरकरच जास्त विचारतात. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. त्यामुळे एप्रिलमध्ये एसटीच्या खिडकीतून सगळं एकाच रंगाचं दिसतं यात नवल नाही. पण खाली उतरून गुडघे टेकले की चित्र वेगळं दिसतं.

एका ऑक्टोबरात आम्ही नान्नजजवळच्या एका माळावर कडब्याची चार धाटं सुतळीनं बांधून एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट केली. ती माळाच्या डोक्यावर ठेवली. तिथे माती बोटभर, खाली मुरूम. आतल्या प्रजाती मोजल्या तर नऊ भरल्या, आणि त्यात कुसळीचं राज्य. मग तीच चौकट उचलून उतारानं दोनशे पावलं खाली, ओढ्याच्या काठी नेली. तिथे काळी माती, हात घातला तर गार लागणारी. तिथे अकरा प्रजाती निघाल्या: मारवेल, कुंदा, लव्हाळा, निर्गुडीचं रोप, शिंदीचा कोंब वगैरे. दोन्ही चौकटींत सारख्या सापडल्या फक्त दोन, हरळी आणि गाजरगवत. बरोबरच्या आठवीतल्या मुलीनं दोनदा मोजून पाहिलं, कारण तिला ते खरं वाटेना.

एवढ्याशा अंतरात एवढा फरक कशामुळे?

आधी खडक आणि माती. सगळा जिल्हा दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. उंचवट्यावरची माती पावसानं धुऊन खाली जाते. वर मुरूम उघडा पडतो आणि भीमा, सीना, माण यांच्या खोऱ्यांत काळ्या मातीचा जाड थर साठतो. पाऊस दोन्हीकडे तेवढाच पडतो, पण मुरमावरचं पाणी दोन दिवसांत निघून जातं आणि काळी माती ते महिनोन्‌महिने धरून ठेवते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी याच धरून ठेवलेल्या ओलीवर येते. गवतांचंही तसंच आहे.

कुसळीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. पिकलेलं एक कुसळ तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. ते हळूहळू वळायला लागतं, जणू हातावर काही जिवंत आहे. वाळलं की पुन्हा उलटं पिळतं. दव आणि ऊन यांच्या या पाळीनं बियाणं स्वतःच स्वतःला मातीत स्क्रूसारखं घुसवतं. बोटभर मातीच्या, तापलेल्या माळावर ज्याला असं रुजता येतं तेच टिकतं. ओढ्याकाठी या हुन्नराचा फारसा उपयोग नाही. तिथे शर्यत सावलीची आणि उंचीची असते, आणि तिथे कुसळी मागे पडते.

दुसरं कारण चराई. हलकी, फिरती चराई माळाला मानवते. चराई अति झाली की आधी पवन्या, मारवेल अशी जनावरांना गोड लागणारी गवतं जातात, मग कुसळी वाढते, आणि शेवटी ज्याला जनावर तोंड लावत नाही तो तरवड उरतो. पिवळ्याधमक तरवडानं भरलेला माळ दिसायला सुंदर असतो, पण तो बहुधा फार चरला गेलेला माळ असतो.

तिसरं कारण माणसानं आणलेलं पाणी. त्याबद्दल पुढे.

पाखरंसुद्धा अशी जागा धरून असतात का? ती तर उडून कुठेही जाऊ शकतात.

जाऊ शकतात, पण जात नाहीत. उघड्या माळावर माळटिटवी, धाविक, डोंबारी, पखुर्डी दिसतील. त्याच माळाच्या कडेला बोर-बाभळीचं झुडूप लागलं की खाटीक आणि गप्पीदास येतात. ओढ्याच्या करंजांत भारद्वाज, शिंजीर, दयाळ. तळ्याच्या काठी शेकाट्या, वंचक आणि आपल्या पंढरीच्या नावाचा वारकरी. माळटिटवी आणि साधी टिटवी या तर सख्ख्या चुलत बहिणी, पण पहिली कोरडा माळ धरते आणि दुसरी पाण्याचा काठ. आवाज नीट ओळखू यायला लागले की डोळे मिटूनही आपण कुठल्या जमिनीवर उभे आहोत ते कळतं.

'बीटा विविधता' म्हणतात ती हीच का?

हो. रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी वनस्पती-परिस्थितिशास्त्रज्ञानं १९६० मध्ये हे शब्द रूढ केले. ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या सिस्कियू पर्वतातली झाडी ओल, उंची आणि खडक बदलताना कशी बदलत जाते हे तो मांडत होता. एका जागेतल्या प्रजातींच्या संख्येला त्यानं अल्फा म्हटलं, सगळ्या प्रदेशातल्या एकूण संख्येला गॅमा, आणि या दोघांना जोडणाऱ्या बदलाला बीटा. अक्षरं ग्रीक असली तरी गोष्ट आपल्या बांधावरची आहे.

ती मोजायची कशी? गणित अवघड असेल ना?

चौथीच्या मुलालाही जमेल इतकंच आहे. वरच्या दोन चौकटीच घेऊ. माळावर ९, ओढ्याकाठी ११, सामाईक २. म्हणजे एकूण वेगवेगळ्या प्रजाती १८. एका चौकटीची सरासरी १०. व्हिटेकरच्या पद्धतीनं १८ ला १० नं भागायचं: १.८. दोन जागांसाठी हा आकडा १ पासून २ पर्यंत असतो. १ म्हणजे दोन्ही याद्या तंतोतंत एक, २ म्हणजे एकही नाव सामाईक नाही. १.८ म्हणजे जवळजवळ दोन वेगळी जगं, आणि मध्ये अंतर फक्त दोनशे पावलं.

पॉल जॅकार्ड या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाची पद्धत आणखी जुनी, १९०१ पासूनची. सामाईक प्रजातींना एकूण प्रजातींनी भागायचं. इथे २ भागिले १८, म्हणजे सुमारे ०.११ साम्य. विद्यार्थ्यांनी प्रकल्पात यातली कुठलीही एक पद्धत घ्यावी, पण शेवटपर्यंत तीच ठेवावी. एका तक्त्यात एक आणि दुसऱ्यात दुसरी असं केलं की तुलनाच होत नाही.

फरक दोन तऱ्हेचा असतो असं वाचलं. म्हणजे काय?

या पानावरचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं उत्तर हे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

माळ आणि ओढा यांच्या याद्या वेगळ्या आहेत, कारण एका जागची नावं जाऊन त्यांच्या जागी दुसरी आली. ही अदलाबदल. आता हिप्परग्याचा तलाव घ्या. हा म्हणजे अदिला नदीवरचा एकरुख तलाव, १८७१ साली बांधून झालेला. त्याची तुलना फेब्रुवारीत आटत चाललेल्या एखाद्या गावतळ्याशी करा. गावतळ्यात वंचक, टिटवी, शेकाट्या, एखाद-दुसरा बगळा एवढेच असतात. ते सगळे हिप्परग्यालाही आहेतच. गावतळ्याची यादी म्हणजे हिप्परग्याच्याच यादीतून गळून उरलेली नावं. नवं काहीच नाही. इथेही फरक आहे, पण तो गळतीचा.

नुसता आकडा पाहिला तर हे दोन्ही फरक सारखेच दिसतात. २०१० मध्ये आंद्रेस बासेल्गा या स्पॅनिश अभ्यासकानं हे दोन भाग वेगळे काढायची सोपी रीत दिली आणि तेव्हापासून ती जगभर वापरली जाते. आमच्या चौकटींना ती लावली तर ०.८० फरकातला (वरच्या १.८ मधून १ वजा केला की उरतो तो) सुमारे ०.७८ अदलाबदलीचा निघतो आणि गळतीचा जेमतेम ०.०२.

हे कळून उपयोग काय? फरक गळतीचा असेल तर मोठी, भरलेली जागा नीट सांभाळली की बहुतेक प्रजाती सांभाळल्या जातात. फरक अदलाबदलीचा असेल तर ओढा कितीही जपला तरी माळावरच्या बहुतेक प्रजाती त्यात येऊन राहणार नाहीत. दोन्ही जागा वेगवेगळ्या जपाव्या लागतात. सोलापूरच्या जमिनींत फरक बहुतांशी अदलाबदलीचा आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या फिरण्यातून मत झालं आहे.

जितकं लांब जावं तितका फरक वाढत जातो का?

साधारणपणे वाढतो, पण जमिनीचा प्रकार अंतरावर मात करतो. नान्नजचा माळ आणि अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य यांच्यात शंभराहून जास्त किलोमीटर अंतर आहे, तरी दोन्हीकडे तेच काळवीट, तेच चंडोल, तशीच गवतं. नान्नजपासून हिप्परगा दहा-बारा किलोमीटर, पण तिथे उतरलात की जवळजवळ सगळी नावं बदलतात. बार्शीच्या पुढे येडशीच्या रामलिंग घाटात गेलात तर बालाघाटचं पानझडी जंगल लागतं आणि तिसरीच यादी सुरू होते.

ऋतू बदलला की यादी बदलते, तेही यातच धरायचं का?

तो काळाचा बदल आहे, जागेचा नव्हे. वेगळा मोजावा. भोरड्यांचं पाहा: मध्य आशियाकडून येणारे हे गुलाबी-काळे थवे पावसाळ्याच्या अखेरीस उतरतात आणि हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर असे कोसळतात की माचावरून गोफण फिरवणाऱ्याचे खांदे भरून येतात. हेच पक्षी नाकतोडेही खातात. पण जानेवारीत माळ पाहिला आणि मे महिन्यात तळं पाहिलं, तर आलेला फरक जागेचा की ऋतूचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

उजनी धरणामुळे जिल्ह्यात रोहित (फ्लेमिंगो), पट्टकादंब, चित्रबलाक असे पक्षी आले. म्हणजे विविधता वाढलीच ना?

उजनी १९८० मध्ये पूर्ण झाली. पाऊस पडतो पुण्याच्या डोंगरात, भरते उजनी, आणि हिवाळ्यात त्या उथळ काठांवर रोहितांचे थवे उभे राहतात. मी स्वतः दर वर्षी जातो आणि दर वर्षी जीव हरखतो. पाण्याची एक नवी जागा जिल्ह्याला मिळाली, नवी नावं आली, हे खरंच आहे.

पण त्याच पाण्याचे कालवे निघाले आणि पंढरपूर, माढा, मोहोळ या पट्ट्यांत जिथे ज्वारी, करडई, पडीक आणि गवत यांची सरमिसळ होती, तिथे मैलोन्‌मैल ऊस उभा राहिला. उसानं शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, त्याला दोष द्यायचा नाही. मात्र एका गावचा ऊस आणि पाच गावं पलीकडचा ऊस यांच्या याद्या सारख्याच असतात. जलाशयाच्या आतही तेच झालं: आज उजनीच्या जाळ्यात चिलापी भरभरून येते, आणि चिलापी मुळात आफ्रिकेतली. एकीकडे भर पडली, दुसरीकडे वेगळेपण कमी झालं. दोन्ही लिहून ठेवायला हवं.

माळावर झाडं लावली तर बिघडलं काय? उजाड जागा हिरवी होते की.

या प्रश्नावर माझा आवाज चढतो, त्याबद्दल आधीच माफी.

माळ उजाड नसतो. तो गवताचा असतो. महसुली कागदांत त्याला 'पडीक' म्हणतात आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. आकड्यांत सांगतो. समजा माळावर २० आणि ओढ्याकाठी २० प्रजाती आहेत, सामाईक ५. दोन्ही मिळून ३५. आता माळावर खड्डे खणून ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली, ओढ्याकाठीही तीच लावली. सावलीतली, सगळीकडे जगणारी पाखरं दोन्हीकडे आली. पाच वर्षांनी मोजलं तर प्रत्येक जागी २४ प्रजाती. अहवालात लिहिलं जातं: विविधता वाढली. पण सामाईक झाल्या २०, म्हणजे दोन्ही मिळून उरल्या फक्त २८. प्रत्येक जागेत चार वाढल्या आणि एकूणातून सात गेल्या. हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण असं होताना मी पाहिलं आहे. ज्या माळावर पहाटे धाविक पळताना दिसायचे तिथे आज बुलबुल आणि साळुंक्या आहेत. बुलबुल वाईट नाही. तो माझ्या अंगणातही आहे, धाविक कुठे नाही.

झाडं जरूर लावा: गावठाणात, शाळेत, रस्त्याकडेला, बांधावर, ओढ्याच्या काठी. कडुनिंब, करंज, हिवर, बाभूळ लावा. गवताचा माळ तेवढा सोडा.

माळढोकाचं काय झालं?

माळढोक हा उघड्या माळावरचा मोठा, जड पक्षी. त्याच्या नावानं १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. त्यात शेती, गावं, रस्ते सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. २०१२ च्या सुमारास ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. २०११ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे. आता नान्नजला एखादा दिसला तरी बातमी होते.

हा पक्षी जमिनीवर, उघड्यावर, बहुधा एकच अंडं घालतो. त्याचं संरक्षण म्हणजे दूरवर दिसणं. झाडं वाढली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी मिळते आणि त्याची नजर अडते. विजेच्या तारा तर त्याला वेळेवर दिसतच नाहीत. इतकं जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. माळढोकाला ओढ्याकाठची श्रीमंती देऊन काही उपयोग नाही.

गाजरगवत आणि वेडी बाभूळ यांचा इथे काय संबंध?

आमच्या चौकटींतलं सामाईक नाव आठवा. गाजरगवत अमेरिकेतलं, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून देशभर गेलं. वेडी बाभूळही मूळची तिकडचीच. ओढा असो, माळ असो, रेल्वेचा रूळ असो, यांना सगळं चालतं. दोन जागांच्या याद्या एकमेकींसारख्या होत जाणं यालाच अभ्यासक जैविक एकजिनसीकरण म्हणतात. तळ्यांत हेच काम जलपर्णी आणि बेशरम या वनस्पती करतात.

शहरात काही पाहण्यासारखं उरलंय का?

सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव हिवाळ्यात जरूर पाहा. बाकी शहराच्या मध्यावरची यादी सोलापूरची घ्या की पुण्याची: पारवा, कावळा, घार, साळुंकी.

आमच्या दोन याद्यांत फरक आला, पण तो खरा की आम्हीच नीट पाहिलं नाही?

फार चांगला प्रश्न, आणि बहुतेक प्रकल्प इथेच घसरतात. लावा पक्षी पायाखालून भुर्रकन उडेपर्यंत दिसत नाही. पावसाआधी अर्धी गवतं ओळखू येत नाहीत. म्हणून दोन्ही जागी चौकटी सारख्याच आकाराच्या आणि तितक्याच टाका, वेळ तेवढाच द्या, माणसं तीच ठेवा. शेवटच्या दोन-तीन चौकटींत एकही नवं नाव आलं नाही, तर यादी बऱ्यापैकी पूर्ण झाली असं धरायला हरकत नाही. नवी नावं येतच असतील तर आणखी मोजा. घाईनं काढलेला आकडा फरक वाढवून दाखवतो.

शेतकऱ्यानं आपल्या रानात काय करावं?

बांध जाळू नका, एवढंच आधी. माझ्या पाहण्यात ज्वारीच्या रानाचा बांध हा पंचक्रोशीतला शेवटचा गवताचा तुकडा असतो. करडई, हरभरा, जवस यांची पाटी (मधली ओळ) ज्वारीत टाकायची जुनी रीत जिथे टिकली आहे तिथे किड्यांची विविधताही जास्त दिसते, हा माझा अनुभव. आणि पिढ्यान्‌पिढ्या ओळखीची गवतं, त्यांची तुमच्या गावातली नावं लिहून ठेवा. कुंदा उपटून उपटून बोटं सोलवटलेल्या आजीला जितकी गवतं ओळखता येतात तितकी मला आजही येत नाहीत.

पाहायला कधी जावं?

गवतं ओळखायला सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे तुरे आणि कुसळं असताना. पाण्याची पाखरं डिसेंबर ते फेब्रुवारी. अभयारण्यात आधी परवानगी घ्या. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात माळावर कुत्रं नेऊ नका आणि पायवाट सोडू नका. माळटिटवीची अंडी उघड्या खड्यांत खड्यांसारखीच पडलेली असतात. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली, तर आहात तिथेच थांबा, पायाखाली नीट पाहा आणि आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा.